मंगळवारची फुला

“तिसऱ्या वर्षाचे तास संध्याकाळी पाचला सुटणार. हिच्या वस्तीकडं जाणारी शेवटची एसटी दोनला. मग ही मुलगी राहणार कुठं?”

बेलवलकर साहेबांनी हे अगदी हळू विचारलं. ओरडून विचारलं असतं तर मला काहीतरी सुचलं असतं. हळू विचारणाऱ्या माणसापुढं थाप मारायची म्हणजे फार जपून मारावी लागते.

प्राचार्य देशमाने सरांनी माझ्याकडं बघितलं. मी फुलाकडं बघितलं. फुला खिडकीबाहेर बघत होती. तिथं बाजार समितीचा एक बैल शेपटीनं माश्या हाकत उभा होता, आणि आसपास चिंता नसलेला तेवढा एकच जीव होता.

आमच्या पिंपळसोंडच्या कॉलेजात तेव्हा बी.ए.ची दोनच वर्षं होती. तिसऱ्याला सांगलीला जावं लागायचं. मुलगे जायचे. मुलीही जायच्या, पण सासरी. फुला टकले तर आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार. धनगरवस्तीवरून यायची, अंगानं वाळक्या शेंगेसारखी, पण इतिहासाच्या बाई चुकल्या तर त्यांनासुद्धा सोडायची नाही. तिचे वडील धुळाप्पा यांनी साफ सांगून ठेवलं होतं, “तिसरं वर्ष गावात निघालं तर शिक. सांगलीला धाडणार न्हाई. न्हाई निघालं तर वैशाखात लग्न.” नवरामुलगासुद्धा बघून ठेवला होता. तो कसा आहे विचारलं की फुला म्हणायची, “मेंढरं चांगली हायेत त्याची.”

तिसऱ्या वर्षाची परवानगी द्यायची का नाही, हे ठरवायला विद्यापीठाची समिती आली होती. समिती म्हणजे दोघंच. बेलवलकर साहेब आणि धायगुडे मॅडम. साहेबांची मान अशी ताठ, की टोपीत दूध ओतलं असतं तरी हिंदकळलं नसतं.

आणि मी कोण? मी इंदुमती पोरे, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. वय चाळिशीच्या पुढं, घरात सून आणायची बोलणी चाललेली, आणि मी आपली दप्तर घेऊन पहिल्या बाकावर. आमच्या कॉलेजला वयाचं वावडं नव्हतं. गावानं गावासाठी काढलेलं कॉलेज ते. ज्याला शिकायचंय त्याला आत घ्या, एवढाच नियम. सगळ्यात जुनी विद्यार्थिनी म्हणून सरांनी मला कॉलेजचा इतिहास सांगायला बोलावलं होतं. सरांना वाटलं, वयानं मोठी बाई, जबाबदारीनं बोलेल. माणूस भला होता बिचारा.

इतिहास मी सांगितला होता. “कॉलेज सुरू झालं हळदीच्या गोदामात,” मी म्हणाले. इथवर खरं. “हवेत हळद एवढी, की पहिली तुकडी वर्षभरात नखशिखान्त पिवळी झाली. परीक्षेला सगळे सांगलीच्या स्टँडवर उतरले, तर लोक म्हणाले, एका एसटीतून एवढे नवरदेव? दोघातिघांना तर परीक्षेआधीच मांडवात नेऊन बसवलं. ग्रंथालय होतं हळदीच्या पेवात. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार हो मॅडम. एक मुलगा शिडीनं खाली वाचायला उतरला, तो वरची शिडी कुणी नेली म्हणून तिथंच राहिला. वर काढला तेव्हा संस्कृत बोलत होता.”

धायगुडे मॅडम पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. बेलवलकर साहेब हसले नव्हते. ते फुलाकडं वळले होते, आणि त्यांनी तो प्रश्न विचारला होता. राहणार कुठं?

“वसतिगृहाचा प्रस्ताव...” देशमाने सरांनी सुरुवात केली.

“प्रस्तावात झोपता येत नाही, सर.”

सरांच्या कानाच्या पाळ्या हलायला लागल्या. ते घाबरले की हलायच्या. मला ते बघवेना.

“वसतिगृह नाही आमच्याकडं,” मी म्हणाले, “कारण लागतच नाही. आमच्यात वार आहेत.”

साहेबांनी मान वळवली. “वार?”

“वार लावून जेवायचे ना पूर्वी विद्यार्थी? सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. तसंच. फक्त आमच्यात जेवणासकट मुक्काम. लांबची मुलगी ज्या वारी ज्या घरात, त्या वारी त्या घरची लेक. कॉलेज निघालं तेव्हापासूनची रीत आहे. गाव हेच वसतिगृह.”

फुलानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. जोरात दिला. धनगराच्या पोरीचा पाय तो, डोंगर चढून पक्का झालेला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मी समजत होतो, ही पद्धत कधीच बुडाली.”

“पिंपळसोंडात काही बुडत नाही, साहेब. नदीला पाणीच नसतं.”

“आज मंगळवार,” साहेब म्हणाले. “मंगळवारी ही कुणाकडं असते?”

“शेटेकाकूंकडं,” मी म्हणाले. अडत्याचं घर, मोठी ओसरी, काकूंच्या हाताला चव. थापसुद्धा चांगल्या घरात ठेवावी.

“मग चला. जेवायची वेळ झालीच आहे.”

“आधी ग्रंथालय बघू या,” देशमाने सर म्हणाले. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली लबाडी असावी, कारण म्हणताना त्यांनी डोळे मिटले होते.

मी कॉलेजसमोरच्या आमच्या दुकानात धावले. आमचे हे मशीनवर होते. नाव दिगंबर आणि धंदा शिंप्याचा, यावर गावानं हसायचं तेवढं हसून घेतलं होतं. मी म्हणाले, “सायकल काढा. शेटेकाकूंना सांगा, फुला टकले दर मंगळवारी त्यांच्याकडं जेवते आणि राहते. आत्ता पाहुणे घेऊन येतोय.”

“कोण फुला?”

“ते नंतर. निघा.”

“आणि काकू घरी नसल्या तर?”

“दिगंबरपंत, निघा.”

हे निघाले. आता हा माणूस कसा, तर एका विजारीला दोन नाड्या घालणारा. एक तुटली तर असावी म्हणून. हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं.

शेटेकाकूंनी कमाल केली. आम्ही पोचलो तर ओसरीवर पाट, पाटाभोवती रांगोळी, भरल्या वांग्याचा वास कोपऱ्यापर्यंत. साहेबांना आणि मॅडमना मधले पाट दिले. फुलाचं ताट दाराशी मांडलं होतं, उंबऱ्याला लागून. फुला तिथं बसली.

“आमची फुला म्हणजे घरचीच,” काकू वाढता वाढता म्हणाल्या. “ती आल्याशिवाय आमच्या ह्यांना घास जात नाही.”

शेटेकाकांनी ताटातून मान वर केली. “कोण?”

“खा तुम्ही,” काकू म्हणाल्या.

साहेब शांतपणे जेवले. एकदा तेवढं दाराकडं बघितलं. मला वाटलं, जमलं. हात धुऊन आम्ही रस्त्यावर आलो, तर पुढच्याच दारात पोस्टमास्तरांच्या सबनीसवहिनी कमरेवर हात देऊन उभ्या.

“काय गं फुला, आज मंगळवार ना? थालीपीठ गार होतंय कधीचं. आणि हे पाहुणे वाटतं? या की.”

मी वहिनींना डोळ्यांनी खुणावलं. वहिनी म्हणाल्या, “काय झालं इंदूताई, डोळ्यात काही गेलं का?”

आत जावं लागलं. जेवायला बोलावलेल्या दारातून तसंच परतायचं, हे त्या काळी शत्रूसुद्धा करत नसे. साहेबांना खुर्ची, मॅडमना खुर्ची. फुलाला थालीपीठ मिळालं ते बशीत, जिन्याच्या पायरीवर, जिथं सबनिसांचे बूट होते.

“म्हणजे ही मंगळवारी इथंही असते?” धायगुडे मॅडमनी विचारलं.

“दर मंगळवारी,” वहिनी म्हणाल्या. “गेली कित्येक वर्षं.”

“ती तर दोनच वर्षं कॉलेजात आहे.”

“त्याआधीपासून,” वहिनी म्हणाल्या. एकदा उडी घेतली की वहिनी मागं बघणाऱ्यातल्या नव्हत्याच.

बाहेर आलो तर कोपऱ्यावर जक्कप्पा पैलवान तांब्याभर दूध घेऊन तयार. “मंगळवारी फुलाचं दूध आमच्यात असतंय,” तो म्हणाला. पाठ केलेला धडा म्हणावा तसा, श्वास न घेता. साहेबांना आणि मॅडमना त्यानं पेला भरून दिला, आणि तो पेला म्हणजे पैलवानाचा पेला, लहान मूल बुडेल असा. फुलाला बाहेर कट्ट्यावर वाटीतून दिलं. धायगुडे मॅडम पेल्याकडं बघून म्हणाल्या, “मी आता इथून चालू शकेन असं वाटत नाही.”

गल्लीच्या टोकाला आमचे हे सायकल धरून उभे होते. माझ्याकडं बघून त्यांनी खुशीत मान हलवली. किती घरं केली होती माणसानं देवाला ठाऊक. लांबवर, देवळापर्यंत, दारादारात बायका पदर सावरून उभ्या होत्या. अख्ख्या गावात त्या दिवशी मंगळवार होता, आणि प्रत्येक घरातल्या मंगळवारी फुला होती.

साहेब थांबले. त्यांनी सगळी गल्ली नजरेखालून घातली.

“पोरे बाई, अजून किती मंगळवार आहेत?”

मी बोटांवर मोजायला लागले. देवळापर्यंत बोटं पुरेनात.

“आता घर मी निवडतो,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी बोळाच्या तोंडाशी असलेल्या एका बुटक्या पत्र्याच्या घराकडं बोट केलं. ते अमिनाचाचीचं घर. चाची बाजारात हळद निवडायला जायची. एकटीच राहायची. बोळ एवढा अरुंद, की आमच्या ह्यांची सायकल तिथं शिरली नव्हती.

दार उघडंच होतं. चाची चुलीपुढं भाकरी थापत होती. एवढी माणसं बघून तिनं पदर डोक्यावर घेतला, पण भाकरी थांबवली नाही.

“चाची,” साहेबांनी विचारलं, “फुला मंगळवारी कुणाकडं असते?”

“कोण फुला?”

देशमाने सर बाहेरच्या दगडावर बसले. त्यांचे कान बघायची मला हिंमत झाली नाही.

साहेबांनी फुलाला पुढं केलं. “ही.”

चाचीनं निरखून बघितलं. “ही होय. ही तर स्टँडावर नळाजवळ बसून भाकरी खाती की. मी जाता-येता बघते ना. कुणाकडं नसती ही. का, काय झालं?”

साहेबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते फुलाला म्हणाले, “तू सांग.”

फुलानं मान खाली घातली नाही. म्हणाली, “चाची म्हणत्यात ते खरं हाय. मी कुणाच्यात जेवत न्हाई. आज पहिल्यांदाच ह्या घरांत पाय ठेवला. तिसरं वर्ष निघालं न्हाई तर माझं लगीन हाय, म्हणून मावशी तसं बोलल्या. खोटं बोलल्या. पण साहेब, मला शिकायचंय, ते काय खोटं न्हाई.”

धायगुडे मॅडम हळूच म्हणाल्या, “अरेरे.”

तव्यावरची भाकरी फुगली. चाचीनं ती हातानं उलटली आणि विचारलं, “म्हणजे हिला ऱ्हायाला जागा न्हाई म्हणून शाळा बंद? एवढंच?”

“एवढंच,” साहेब म्हणाले.

“मग ऱ्हाऊ दे की माझ्यात. मंगळवार म्हणा, बुधवार म्हणा. मला कुठं वाराचं काय हाय. ये गं, आत ये. तिथं दारात काय उभी ऱ्हायलीस सुनेसारखी.”

तिनं फुलाचा हात धरला, खोलीत ओढलं आणि चुलीजवळ, स्वतःच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसवली. स्वतःच्या बुडाखालचं पोतं काढून तिला दिलं. तव्यावरची पहिली भाकरी तिच्या हातावर ठेवली, वर मिरचीचा ठेचा. मग आमच्याकडं वळून म्हणाली, “तुम्ही भायेरच बसा बाबा. आत जागा न्हाई.”

आत खरंच जागा नव्हती. मॅडम माझ्याशेजारी ओट्यावर टेकल्या. बेलवलकर साहेब उंबऱ्यात बसले. तिथं चाचीच्या वहाणा होत्या, आता आमच्याही पडल्या होत्या. त्या बाजूला सारून, त्या कडक इस्त्रीच्या धोतरानिशी ते खाली बसले, आणि चाचीनं हात लांब करून दिलेली अर्धी भाकरी त्यांनी दोन्ही हातांत घेतली.

दोन जेवणं आणि पैलवानाचा पेला पोटात असताना त्या माणसानं ती अर्धी भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. चुलीपाशी फुला खाली मान घालून खात होती, आणि चाची तिला म्हणत होती, “ठेचा लागला का? पाणी पी. आणि रातीला मी घोरते हां, आधीच सांगते.”

“पोरे बाई,” साहेब म्हणाले. माझ्याकडं न बघता, आत बघत. “वारावरच्या मुलाला कुठं बसवतात, माहीत आहे?”

“पाटावर,” मी म्हणाले.

“दारात. चपलांशेजारी. वाईट माणसं नव्हती ती. आमटी देत, भात देत. माझी सगळी शाळा आणि कॉलेज झालं त्यांच्या अन्नावर. पण चुलीपाशी या, असं कुणी म्हटलं नाही. आजसुद्धा एखाद्याच्या घरी जेवायला गेलो की मी आधी चपला कुठं आहेत ते बघतो.” त्यांनी हातावरचा भाकरीचा कण टिपून तोंडात टाकला. “कॉलेजात तुम्ही वार म्हणालात, तेव्हाच मी ठरवलं होतं, परवानगी द्यायची नाही. खोटं असेल तर खोटं म्हणून. आणि खरं असेल तर खरं आहे म्हणून.”

“मग आता, साहेब?” देशमाने सरांनी दगडावरून विचारलं.

धायगुडे मॅडम म्हणाल्या, “पण ही रीत तर खोटी निघाली ना?”

“होती,” साहेब म्हणाले. “भाकरी उलटली तोवर खोटी होती.”

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. “सर, जूनला वर्ग सुरू करा. पण मी परत येईन, न सांगता. कुठल्याही वारी, कुठल्याही घरात. मुलगी मला चुलीपाशी दिसली पाहिजे. पोरे बाई, तुम्ही गाडीपर्यंत येऊ नका. तुम्ही वाटेत मला अजून काहीतरी सांगाल.”

गाडी गेली आणि गल्लीत भांडण पेटलं. शेटेकाकू म्हणाल्या, मंगळवार आधी त्यांना सांगितला होता. सबनीसवहिनी म्हणाल्या, त्यांचं थालीपीठ पाव सुद्धा संपलं नाही, तेव्हा मंगळवार त्यांचा उरलेला आहे. जक्कप्पानं दंड थोपटले, ते कशासाठी हे त्यालाही सांगता येईना. फुलाची दोनची एसटी गेली, दुपार कलली, तरी वार काही मिटेनात.

फुला तेवढ्यात माझ्यापुढं येऊन उभी राहिली. डोळे लाल. ठेच्यानं नव्हेत.

“मावशी, मला न विचारता तुम्ही मला अख्ख्या गावात जेवायला घातलंत.”

“अगं, तुझ्या भल्यासाठीच...”

“मी भाकरी बांधून आणते. माझी असती ती. आज तीन दारांत बसले, तिन्ही ठिकाणी घास उतरत नव्हता. चाचीच्या घरी उतरला.” मग ती मागं वळली आणि भांडणाऱ्या बायकांकडं बघून म्हणाली, वर्गात उत्तर देते तशी, स्पष्ट, “मंगळवार चाचीचा. बाकीचे वार तुम्ही वाटून घ्या. जिथं भाजी निवडायला घेतील, भांडी घासू देतील, तिथं मी येणार. जिथं पाव्हणी म्हणून बसवतील, तिथं न्हाई.”

शेटेकाकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग म्हणाल्या, “भांडी सोमवारी फार असतात आमच्यात.”

“मग सोमवार तुमचा,” फुला म्हणाली.

संध्याकाळी धुळाप्पा आले. निरोप कुणी दिला कोण जाणे, पण वस्तीपर्यंत गोष्ट पोचता पोचता पोरीला पाच घरांनी दत्तक घेतलं, इथवर वाढली होती, आणि यात माझा काडीचाही हात नव्हता. ते चाचीच्या घरी गेले. दाराची कडी आतून लावून बघितली, बाहेरून धक्का मारून बघितला. चाचीकडं बघितलं. फुला चुलीपाशी वाचत बसली होती, चाची तिच्या पाठीला पाठ लावून हळकुंडं निवडत होती. दोघींनी वर बघितलं नाही. धुळाप्पांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं, घडी घालून उंबऱ्याच्या आत ठेवलं.

“जमीन गार असती,” एवढंच म्हणाले, आणि आल्या वाटेनं गेले. वैशाखाचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

बुधवार मी घेतला होता. तास बुडवून सकाळपासून घर सारवलं, सोप्यात पाट मांडला, भोवती मोराची रांगोळी काढली, आमच्या ह्यांना नवा सदरा घालून बसवलं. ताटाला केळीचं पान. म्हटलं, अशी बडदास्त पोरीनं जन्मात बघितली नसेल. आणि ती आली की कुठली गोष्ट सांगायची तेही ठरवून ठेवलं होतं. आमच्या आजोबांनी कृष्णेच्या पुरात सुसरीवर बसून वरात कशी नेली, ती.

फुला तास संपवून आली. वहाणा काढल्या. पाटाकडं बघितलं, मोराकडं बघितलं. मग वाकून तिनं ताट उचललं, पानासकट, आणि आमच्या ह्यांच्या पुढून सरळ स्वयंपाकघरात गेली. पिठाचा डबा पायानं सरकवला, चुलीजवळ मांडी घातली, आणि परातीतली मेथी पुढं ओढून निवडायला लागली.

“अगं पण पाट...” मी मागून आत आले. “बरं ते राहू दे. आमचे आजोबा होते ना, ते एकदा पुरात...”

“मावशी,” फुला मेथीतून मान वर न काढता म्हणाली, “गोष्ट मागनं. भूक लागलीय. आधी वाढा.”